साठ वर्षांचं रक्त

एक

आईला जाऊन चार महिने झाल्यावर, एका गुरुवारी दुपारी, तिचं ताजं रक्त प्रयोगशाळेत तपासायला आलं.

निदान पडद्यावर तरी तसं लिहून आलं होतं. ताईने चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. अक्षरं जिथल्या तिथे होती. नवा नमुना: मुलगी, वय सतरा. जुना नमुना क-सात याच्याशी तंतोतंत जुळतो. दोन्ही एकाच व्यक्तीचे.

क-सात म्हणजे आई.

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेही. तिचं काम रक्तातल्या टिकल्या वाचण्याचं. माणसाच्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या रसायनाच्या बारीक टिकल्या चिकटलेल्या असतात. डीएनएचा मजकूर त्या बदलत नाहीत, पण त्यातलं कुठलं पान उघडं राहील आणि कुठलं मिटलेलं, हे त्या ठरवतात. काही जन्मजात आजारांत या टिकल्यांची नक्षी बिघडते, आणि प्रत्येक आजाराची बिघडण्याची तऱ्हा वेगळी. चार ठिकाणी फिरून ज्यांच्या मुलांच्या दुखण्याला नाव मिळालेलं नसतं, ती माणसं शेवटी या नक्षीची आशा धरून येतात.

आठ वर्षांपूर्वी कामाला सुरुवात झाली तेव्हा तुलनेसाठी निरोगी रक्त हवं होतं. जो तो घरातलं कुणीतरी पकडून आणत होता. ताईने आईला आणलं. बस डेपोच्या तिकीट खिडकीवर जन्म काढलेली आई बाही वर करत म्हणाली होती, "घ्या लागेल तेवढं. उरलं तर मात्र परत करा हं."

उरलं होतं. तळमजल्यावरच्या फ्रीजरमध्ये तीन छोट्या कुप्यांत ते गोठून पडलं होतं.

"ताई, चहा?" दारात लंबू उभा होता. हा इथला तंत्रज्ञ. चौकटीला डोकं लागू नये म्हणून कायम किंचित वाकलेला. "काय झालं? चेहरा असा काय? भूत बघितलंत?"

टेबलावर ताईचा काजूच्या बिस्किटांचा पुडा उघडा होता. आई असेपर्यंत काजू तिच्या घराचा उंबरा ओलांडत नसत, कारण एक जरी पोटात गेला तरी आईचे ओठ सुजून भोपळ्यासारखे व्हायचे. आता घरात काहीही आणायला मोकळीक होती. ताईने पुडा बंद केला.

"चल, फ्रीजर उघडू."

खाली थंडीने श्वासाची वाफ होत होती. लंबूने कप्पा ओढला. बर्फाचा चुरा झटकला. क-सातच्या घरात दोन कुप्या होत्या.

तिसरीची जागा रिकामी होती, आणि लंबू तिकडे बघायचं टाळत होता.

दोन

"इतकं सोपं आहे हे," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. त्यांना सगळे साहेब म्हणत, आणि त्यांना ते आवडे. "मुलीची नळी याच्या हातून सांडली. बोंब नको म्हणून याने फ्रीजरमधलं कुणाचं तरी रक्त भरून टाकलं. नेमकं तुमच्या आईचं निघालं, एवढंच."

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, कुपी माझ्या हातून फुटली हे खरं. पण ती गेल्या महिन्यात, कप्पे साफ करताना. फेकून दिली मी."

"आणि बोलला नाहीस?"

"कसा बोलणार?" त्याने ताईकडे पाहिलं. "त्या रोज खाली जाऊन कप्पा उघडून बघायच्या. नुसतं बघायच्या आणि मिटून टाकायच्या. मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुमची आई सांडली म्हणून?"

आपल्याला कुणी पाहिलं असेल हे ताईच्या मनातही आलं नव्हतं.

"म्हणजे फ्रीजरपाशी जाणारे दोघं झाले," साहेब नजर न मिळवता म्हणाले. "दुःखात माणूस काहीही करतं, ताई. मी तसं म्हणत नाही. पण लोक म्हणतील."

"लोकांचं राहू द्या." हा आवाज सिस्टरचा. रक्त काढण्याचं काम तिचं. ती केव्हाची भिंतीला टेकून उभी होती. "त्या पोरीचं काय?"

"नमुना बिघडला असं कळवायचं. महिन्याभराने नवा घेऊ."

"महिन्याभराने ती मनोरुग्णांच्या संस्थेत असेल. सोमवारी नेतायत तिला." सिस्टर पुढे आली. "झटके येतात, शिकलेलं डोक्यात राहत नाही. दोन ठिकाणी जनुकं तपासली, दोन्ही कोरी. आता मोठे डॉक्टर म्हणतात, पोरगी सोंग करते. झटक्यांची औषधंसुद्धा बंद केली. हा शेवटचा अहवाल होता, साहेब. हाही कोरा गेला तर दार लागलंच."

"सिस्टर," ताईने विचारलं, "रक्त नक्की तिचंच काढलं होतंस?"

"या हातांनी. उजव्या कोपरातून. नळीवर चिठ्ठी तिच्यासमोर लावली. ती म्हणाली, 'माझ्या नावापुढे फूल काढा ना.' काढलं. जाऊन बघा, नळीवर फूल आहे."

फूल होतं. पाच पाकळ्यांचं, निळ्या शाईचं.

"उद्या संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं," साहेब म्हणाले. "नाहीतर लंबूने सोमवारपासून यायचं नाही, आणि अहवाल 'नमुना बिघडला' म्हणून जाईल."

तीन

ताई पुन्हा पडद्यासमोर बसली. बाहेर दिवस ढगाळ होता आणि खिडकीतून राखेसारखा उजेड येत होता.

आजाराची नक्षी तिने आधीच पाहिली होती. निर्मळ. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. साहजिकच आहे, तिच्या मनात आलं, आईला कुठे काय होतं. आईला उतारवयात आतड्याच्या दुखण्याने नेलं, आणि त्याचं या नक्षीशी काही नातं नव्हतं.

शेवटच्या दिवसांत तीच आईला अंघोळ घालायची. आईच्या कमरेमागे, दोन्ही बाजूंना, तिळाएवढे पांढरे ठिपके होते. इतकी वर्षं तिने ते कधी पाहिलेच नव्हते. "हे कसले ग?" तिने विचारलं होतं. आई पाण्यात डोळे मिटून म्हणाली होती, "ती माझी नक्षी. तुझ्या यंत्राला नाही कळायची."

ताईने मान झटकली. फ्रीजरमधलं रक्त नळीत आलं असेल तर ते ओळखायचं कसं? ताजं रक्त आणि गोठून वितळलेलं रक्त यांतला फरक बघायला आता नळीत रक्त उरलंच नव्हतं. सगळं यंत्रात गेलं होतं. राहिले होते फक्त आकडे.

आकडे. तिचा हात थबकला.

टिकल्या वयाबरोबर बदलतात. काही गळतात, काही नव्याने चिकटतात, आणि हे इतक्या ठरलेल्या चालीने होतं, की नुसत्या रक्तावरून माणसाचं वय सांगता येतं. दोनेक वर्षं इकडे-तिकडे. निदानाला ते लागत नाही, म्हणून कुणी काढत बसत नाही. ताईने ते काढलं.

आईचा जुना नमुना: बावन्न वर्षं. बरोबर. तेव्हा आई बावन्नचीच होती.

मग नवा नमुना. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. बंद दारापलीकडे कुणीतरी चपला घासत गेलं, अगदी आईसारखं, डावा पाय जरा ओढत. ताईने वळून पाहिलं नाही. कुणी दिसलं असतं तरी पंचाईत, आणि नसतं दिसलं तरी.

साठ.

तिने पुन्हा काढलं. साठ. आई गेली तेव्हा साठची होती.

लंबू सुटला होता, हे आधी तिच्या लक्षात आलं, आणि मग बाकीचं. फ्रीजरमधलं रक्त आठ वर्षांनी काढा नाहीतर ऐंशी वर्षांनी, ते बावन्नचंच राहणार. गोठलेलं रक्त म्हातारं होत नाही.

हे रक्त म्हातारं होत गेलं होतं. म्हणजे ही आठही वर्षं ते कुणाच्या तरी अंगात वाहत होतं. गेल्या आठवड्यात सुई टोचली तेव्हाही.

चार

शुक्रवारी सकाळी सिस्टरने ताईला त्या मुलीच्या बापाकडे नेलं. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तिन्ही भिंतींवर रिकाम्या चौकटी टांगलेल्या. आत पाऊल टाकलं की शेकडो डोळे आपल्याकडे वळल्यासारखं वाटायचं, आणि त्यांत डोळा एकही नसायचा.

"परत रक्त हवंय का?" चष्मेवाल्याने विचारलं. बारीक अंगाचा माणूस. बोलताना हातातली काच पुसत राहायचा. "घ्या. पण आणखी किती घ्याल? तिसरी खेप ही."

"रक्त नको. थोडं बोलायचंय. लहानपणी ही कधी फार आजारी होती?"

"मुलं आजारी पडतातच." काच पुसणं वाढलं.

"रक्त चढवलं होतं?"

"हा प्रश्न तुमच्या लोकांनी विचारलाय. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का? नाही म्हणून सांगितलं. देवाशपथ नाही चढवलं."

मागच्या पडद्यातून मुलगी बाहेर आली. बाप तिला मनी म्हणायचा. सतरा वर्षांची, पण अंगाने बारा-तेराची वाटावी. कमानदार भुवया, लांब डोळे, खालच्या पापण्या कडेला किंचित उलटलेल्या. या डोळ्यांमुळे ती सारखी आत्ताच झोपेतून उठल्यासारखी दिसे. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तिने काचेच्या टेबलावर बोटं टेकली आणि ताईचं लक्ष तिथेच खिळलं. प्रत्येक बोटाच्या टोकावर छोटीशी गुबगुबीत गादी होती, तान्ह्या बाळाच्या बोटांना असते तशी.

हे डोळे आणि ही बोटं ताईने पुस्तकांत पाहिली होती. त्यांची नक्षी तिला पाठ होती. ती रक्तात असायलाच हवी होती.

"फूलवाल्या सिस्टर!" मनी हसली. "माझं रक्त पास झालं का?"

"बसा ना बाई जरा," सिस्टर म्हणाली. "पेपर तपासतायत अजून."

ताईने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून पुढे केला. मनीने एक उचललं, नाकाशी नेलं आणि पटकन परत ठेवलं.

"काजू आहे यात. मला चालत नाही. ओठ सुजतात, भोपळ्यासारखे."

ताईच्या हातातला पुडा जरा चुरगळला. "तुमच्याकडे आणखी कुणाला होतं असं?" तिने बापाला विचारलं.

"कुणालाच नाही. हीसुद्धा दोन वर्षांची होईपर्यंत मुठीने खायची. नंतर काय झालं कोण जाणे."

बिस्किट ठेवायला मनी वाकली होती. वरचं बटण सुटलं. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली बोटाच्या पेराएवढा जुना व्रण होता.

"हा कशाचा?"

"कठड्यावर पडली होती," बाप म्हणाला. आणि त्याच्या हातातली काच खाली पडून फुटली.

पाच

"मामा, आईला जुळी बहीण होती का?"

फोनवर मामा खोकेपर्यंत हसला. "तुझी आई जुळी? अग, एकटी होती तरी आम्हा सगळ्यांना पुरून उरली."

"बरं, मग दुसरं. मी कॉलेजात असताना आई आठवडाभर तुझ्याकडे राहायला गेली होती. परत आली ती कंबर धरून. म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मामा?"

"घसरलाच असेल."

"तुझ्याकडे न्हाणीघर कुठलं? तेव्हा तू एका खोलीत राहायचास, नळ बाहेर सामाईक."

"पोलिसात भरती का झाली नाहीस तू?" मामाचा आवाज उतरला. "मी शब्द दिलाय बाळा. ती गेली म्हणून शब्द जात नाही. मला काही विचारू नकोस."

"नाही विचारत. मी सांगते. चुकलं तरच बोल."

आणि ताईने सांगितलं. बोलता बोलता एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. रक्त मुलीच्या हातातूनच आलं होतं, फुलासकट. ते आईचं होतं. ते गोठलेलं नव्हतं, कारण त्याचं वय वाढलं होतं. मग एकच वाट उरते. रक्त जिथे तयार होतं तो हाडांच्या पोकळीतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, मुलीच्या अंगात आईचा आहे. तो काढताना कमरेच्या हाडात दोन्ही बाजूंनी सुया घालतात. तिळाएवढे व्रण राहतात. ज्याला देतात, त्याच्या गळ्याखाली नळी बसवतात. तिथे पेराएवढा व्रण राहतो. आणि मगजाबरोबर देणाऱ्याच्या खोडीही कधीकधी जातात. काजूसुद्धा.

"डेपोत शिबिर झालं होतं," मामा म्हणाला. "तिने नाव दिलं आणि विसरली. मग एक दिवस बोलावणं आलं. कुणाला द्यायचं ते सांगत नाहीत, एक लहान मूल आहे एवढंच. तुझी परीक्षा तोंडावर होती. म्हणाली, पोरीला कळलं तर अभ्यास सोडून माझ्या उशाशी बसेल." तो खोकला. "चुकलं नाही तुझं काही."

सहा

दुपारी साहेबांच्या खोलीत चष्मेवाला खुर्चीच्या कडेवर बसला होता. लंबू दाराशी, सिस्टर भिंतीपाशी. ताईने आईचं नाव न घेता सगळं मांडलं.

चष्मेवाल्याने नाकारलं नाही. त्याचे खांदे उतरले, ओझं ठेवल्यासारखे.

"दोन वर्षांची होती. अंगात रक्तच बनेना. बरी झाली, पण तिथे सगळे तिला 'ती आजारी पोरगी' म्हणायचे. मुलं जवळ येऊ द्यायची नाहीत. म्हणून शहर बदललं आणि ठरवलं, आता कुणाला सांगायचं नाही. तिलाही नाही." त्याने ताईकडे पाहिलं. "मी लबाडी केली नाही हो. तुम्ही तीन महिन्यांचं विचारलंत. पंधरा वर्षांपूर्वीचं कोण धरून बसतं?"

"आम्हीच विचारलं नाही नीट," सिस्टर पुटपुटली.

"तिन्ही वेळा तपासलं गेलं ते रक्त देणाऱ्या बाईचं," ताई म्हणाली. "ती बाई ठणठणीत होती. म्हणून अहवाल कोरे. तुमच्या मुलीला आजपर्यंत कुणी तपासलेलंच नाही."

"मग ती सोंग..."

"ती सोंग करत नाही."

चष्मेवाल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहेबांनी घसा खाकरला, लंबूकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बसायला खुर्ची सरकवली. "तू उभा राहिलास की छत खाली आल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. माफी म्हणून तेवढंच.

संध्याकाळी अहवाल गेला: रक्त रुग्णाचं स्वतःचं नाही. आधीच्या तपासण्या ग्राह्य धरू नयेत. त्वचा तपासावी. मोठ्या डॉक्टरांनी फोन करून अहवाल पुन्हा एकदा वाचून घेतला. संस्थेत नेणं थांबलं.

त्वचेच्या पेशी वाढायला काही आठवडे लागले. आजार होता, तोच, ज्याची बोटं ताईने काचेवर पाहिली होती. एका जनुकातली चूक, जन्मापासूनची, आणि लहानपणच्या रक्ताच्या दुखण्याहून वेगळी. औषधं पुन्हा सुरू झाली, या वेळी कशावर ते माहीत असून. हृदय, मूत्रपिंडं, कान, जे जे वेळेवर बघायला हवं ते बघायचं ठरलं. झटके विरळ झाले.

बापाने मनीला सगळं सांगितलं. ती पुढच्या खेपेला आली ती थेट ताईच्या खोलीत.

"माझ्यात दुसऱ्या कुणाचं तरी रक्त आहे?"

"होय."

"कुणाचं?"

"देणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. तसा नियम आहे."

"बाई आहे ना? पप्पा म्हणाले." मनीने गुबगुबीत बोटं टेबलावर टेकली. "बरी आहे का ती?"

ताईने त्या मनगटावरच्या निळ्या शिरेकडे पाहिलं. शीर हलकेच उडत होती.

"तिचं रक्त अगदी उत्तम आहे," ती म्हणाली. "मी स्वतः तपासलंय."

"मग ठीक," मनी म्हणाली. "तिला कळवा, मी काजू खात नाही म्हणून."

ती गेल्यावर ताई खाली गेली नाही. कोट काढून ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. मनी पुन्हा येणार होती, महिन्या-दोन महिन्यांनी, आणि मग दर वर्षी. ताईने फळीवरचा एक बिस्किटांचा पुडा उचलला, उलटा केला, आणि उजेडाकडे धरून मागची बारीक अक्षरं वाचू लागली. शेवटच्या शब्दापर्यंत, जन्मभर वाचत आली होती तशी.